सहस्रचंद्रदर्शनाची फेरमोजणी

बत्तीस वर्षे मी खगोलगणित शिकवले असून माझ्या गणिताला चुकण्याची सवय नाही, हे आरंभीच नमूद करते! तेव्हा माझ्या सहस्रचंद्रदर्शनाच्या हजार पौर्णिमा गुरुजींनी बोटांवर मोजाव्यात, हे मला मान्य होणे शक्यच नव्हते. रविवारी गारखेड्यातला हॉल ठरलेला, तीनशे पाहुणे बोलावलेले. तरीही मोजणी होणार होती ती १९९१ साली मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवरच!

नव्या लॅपटॉपने त्याला दारातसुद्धा उभे केले नाही. अखेर माझ्या नातीने, मृण्मयीने, लॅपटॉपच्या पोटात एक जुना संगणक उभा केला, तोही काळ्याकुट्ट पडद्यासह!

"आजी, हा प्रोग्राम नव्व्याण्णवच्या पुढचं सालच घेत नाहीये. म्हणून मी आतलं घड्याळ..."

"सबबी नकोत. उत्तर हवं!"

उत्तर आले: ६६५.

तीनशे पस्तीस पौर्णिमा बाकी? अजून सत्तावीस वर्षे?

"गुरुजी, कार्यक्रम रद्द!" मी फोनवर कडाडले. "तुमची मोजणी साफ चुकली!"

"अहो बाई, पण..."

"यंत्र खोटं बोलतं काय?"

मग हॉलवाला, आचारी, फर्दापूरचे बंधू मोतीराम! देवगिरीच्या पायथ्यावरून फौज परतवावी तसे तीनशे पाहुणे मी तासाभरात परतवले.

संध्याकाळी सूनबाई कालिंदी बँकेतून आली आणि आकडा पाहून थबकली.

"आई, या हिशोबानं तुमचं वय त्रेपन्न होतं."

"असेल!"

"आणि ह्यांना छप्पन्न झाली."

चिरंजीव श्रीनिवास टकलावरून हात फिरवत म्हणाले, "आई, यापुढं नमस्कार तू करायचास की मी?"

मृण्मयी पुटपुटली, "आतल्या घड्याळात १९९९ साल लावलंय, आजी. तेच तर सांगत होते."

मी तातडीने गुरुजींना पुन्हा फोन लावला.

"आता कसं व्हावं, बाई? हॉल अन् मी, दोन्ही पुंडलिकनगरच्या मनकर्णाबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला गेलो. तुमचं आता चातुर्मास संपल्यावरच बघू."

रविवारी मी पहिल्या रांगेत बसले होते, पाहुणी म्हणून. सातवी शिकलेल्या मनकर्णाबाईंनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

"बाई, तुमच्या किती ऱ्हायल्या वं?"

"मोजणी चालू आहे," मी ताठ मानेने म्हणाले.