केसरची हजेरी

"बाई, तीन जणांना मारायला किती वेळ लागेल? चहाची सुट्टी धरून."

नाफडेकाकांनी हे मला सकाळी पावणेदहाला, माझ्या टाइपिंग क्लासच्या दारात उभं राहून, नऊ मुलींसमोर विचारलं. नऊही यंत्रं थांबली.

"मारणाऱ्याच्या हातावर आहे," मी म्हटलं.

"बरोबर." काकांनी ते कागदावर टिपून घेतलं. "हे रेकॉर्डवर पाहिजे."

इंदूरच्या मल्हारगंजात माझा क्लास, आणि समोरच्या माडीवर काकांची एक खोली. माणूस एकटा. जन्म कापडाच्या मिलमध्ये टाइमकीपर म्हणून गेला. गेटवर बसायचं, कोण आलं, कोण नाही, ते मस्टरवर लावायचं. मिल बंद पडल्यावर कोणी ऑटो घेतली, कोणी शेवेचं दुकान टाकलं. काकांनी रद्दीत निघालेली मस्टरं घरी आणली आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर कादंबरी लिहायला घेतली. टाइप करायची मी. सगळं शहर तेव्हा कॉम्प्युटर शिकायला निघालं होतं, माझ्याकडे वेळ होता.

कादंबरी अशी, की इंदूरच्या खाली आणखी एक इंदूर आहे. तिथे हडळी, खवीस, चेटकिणी राहतात आणि वरच्या माणसांना त्रास देतात. त्यांना मारायचं काम घेणारी बाई म्हणजे केसर. काम देणारा वेताळ, तो राजवाड्याच्या सातव्या मजल्यावर बसतो.

इथवर ठीक होतं. पण काकांनी मिलशिवाय दुसरी नोकरी पाहिली नव्हती. त्यामुळे केसर कायम नव्हती, 'बदली' होती. म्हणजे रोज सकाळी डबा घेऊन वेताळाच्या गेटवर उभं राहायचं. कायमचा मारेकरी आला नाही, तर त्याच्या जागी आत. आला, तर डबा घेऊन घरी.

"ही रात्री का मारत नाही?" मी एकदा विचारलं.

"बायकांना रात्रपाळी नाही, बाई. फॅक्टरीचा कायदा आहे."

"अहो, पण भुतं दिवसा झोपलेली असतात."

"मग सोपंच नाही का पडत?"

एका प्रकरणात ऐन मारामारीत भोंगा झाला. केसरने खवीस अर्धा कापून ठेवला आणि हात धुतले. मी यंत्रावरून मान वर केली.

"दुसऱ्या पाळीचा माणूस पूर्ण करेल," काका म्हणाले. "दुसऱ्याचं काम आपण खायचं नसतं."

मला कादंबऱ्या आवडत नाहीत. पण मुलींना केसरचं वेड लागलं. त्यांतल्या पिंकीने सगळ्यांच्या वतीने विचारलं, "काका, ती पर्मनंट कधी होणार?"

"वर्षात ठरलेले दिवस भरले की. मग खुद्द वेताळ आला तरी तिला काढू शकत नाही."

त्या दिवसापासून मुली फळ्याच्या कोपऱ्यात केसरचे उरलेले दिवस लिहायला लागल्या. दहा उरले. चार उरले. एक उरला. आणि काका यायचे थांबले.

आठ दिवस फळ्यावर एकचा आकडा तसाच. "हे काय भिया," पिंकी इंदुरी हेल काढून वैतागली, "एका दिवसासाठी लटकवून ठेवलं बिचारीला."

नवव्या दिवशी मी रस्ता ओलांडून माडी चढले. माणूस आजारी असेल तर डॉक्टर बोलवावा, नसेल तर काम पूर्ण करावं. काका आजारी नव्हते. समोर एक मस्टरचा कागद होता, त्याची पाठ कोरी.

"सुचत नाही का?"

त्यांनी कागद उलटा करून माझ्यापुढे सरकवला. इतके महिने मी या कागदांची एकच बाजू पाहत आले होते. दुसऱ्या बाजूला नावं होती. एका ओळीत, रीलिंग खातं, केसरबाई, बदली. पुढे बारीक अक्षरात हजर, हजर, हजर. आणि एका रकान्यात लाल शाईने, गैरहजर.

"आली होती ती," काका म्हणाले. "डबा घेऊन उभी होती, सगळ्यांच्या आधी. तो दिवस भरला असता तर पर्मनंट झाली असती. वरून सांगणं होतं, बदलीवाल्यांचे दिवस भरू द्यायचे नाहीत. मी म्हटलं, आज काम नाही, घर जाओ. आणि हे लावलं. माझ्या हाताने."

"आता कुठे असते?"

"सांवेर रोडला, एका पॅकिंगच्या कारखान्यात. रोजावर. दोनदा तिच्या गेटपर्यंत जाऊन परत आलो. गेटच्या बाहेर उभं राहायची सवय नाही मला."

मी कागद उचलला. "चला खाली. तुम्ही सांगा, मी टाइप करते."

त्यांनी सांगितलं. शेवटच्या दिवशी वेताळ म्हणतो, आज काम नाही. तेव्हा गेटवरचा एक म्हातारा कारकून, जो आधी कादंबरीत कुठेच नव्हता, मस्टर उघडतो आणि लिहितो, हजर. केसर आत जाते. तीन मारते.

"कार्बन लावा," काका म्हणाले. "एक प्रत जास्त."

"तिला मराठी वाचता येतं?"

"काहीच वाचता येत नाही. हिंदीत सांगावं लागेल."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते सांवेर रोडच्या टेम्पोत बसले. दुपारी परत आले, ते थेट माझ्या टेबलाशी.

"ऐकलं तिने?"

"जेवणाच्या सुट्टीत. सगळं ऐकलं."

"माफ केलं का?"

"ते मी विचारलं नाही." त्यांनी शेवटचं पान माझ्यापुढे ठेवलं. "एक चूक काढली तिने. म्हणाली, बाबूजी, तीन मारले ते ठीक, पण ती जेवली कधी? त्या दिवशी डबा भरलेलाच घरी गेला होता."

मी पान यंत्रात चढवलं.

"लिहा," काका म्हणाले, "की केसर सावलीला बसली. डबा उघडला. सावकाश जेवली, कोणी उठवलं नाही." मग हळूच, "रेकॉर्डवर पाहिजे, बाई."

मुलींची यंत्रं थांबली होती. मी लिहिलं.