नाही कळलं? उत्तम!

कपाळावर टेंगूळ घेऊन ऑफिसात बसणारा संग्रहालयाचा संचालक मी तरी दुसरा पाहिला नाही. आमच्या देवधर साहेबांना ते स्वतःच्याच प्रदर्शनात आलं होतं. बेलापूरच्या आमच्या छोट्या संग्रहालयात त्यांनी एका तरुण चित्रकर्तीला जुन्या घराच्या दाराची चौकट उभी करू दिली होती. हॉलच्या मधोमध. भिंत नाही, घर नाही, नुसती चौकट, आणि तीही ठेंगणी. साहेब दिवसातून चारदा तिच्यातून जात आणि दोनदा आपटत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तिथे कारकून होतो. साहेबांना मूर्ती-नाण्यांत रस नव्हता, ज्याचा अर्थ लागत नाही त्यावर त्यांचा भारी जीव. एकदा त्यांनी रिकाम्या बरण्या मांडल्या, एकदा तर नुसता वास मांडला. लोक डोकं खाजवू लागले की साहेब मागून जाऊन विचारत, "कळलं?"

"नाही बुवा."

"उत्तम!" आणि हात चोळत पुढे.

विश्वस्तांना मात्र यात काही उत्तम दिसेना. अभिप्राय वहीत 'पंखे छान आहेत' आणि 'प्यायच्या पाण्याची सोय हवी' यापलीकडे काही नव्हतं. त्यांनी बजावलं, "एकाला तरी काही कळल्याचं शनिवारपर्यंत दाखवा, नाहीतर हॉल लग्नांना देऊ." साहेब "उत्तम" म्हणाले, पण त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

शुक्रवारी जवळच्या पावणे गावच्या जानकीबाई आल्या. लाईट बिल भरायला आलेल्या, सावली बघून आत शिरल्या. चौकटीपाशी थबकल्या, चपला काढल्या, वाकून पलीकडे गेल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"कळलं?" साहेबांनी सवयीने विचारलं.

"कळला ना. पोरांनी बिल्डिंगसाठी आमचा घर पाडला. शेवटाला असाच दारवठा उभा ऱ्हायला, मागं काय पन नाय. मी त्यातनंच वाकून भायेर आले. बाजूनं कशी येनार? घर हाय ना तो."

साहेबांचं "उत्तम" काही आलं नाही.

बाईंना लिहिता येत नव्हतं. 'पंखे छान आहेत'च्या खाली मी त्यांचं बोलणं लिहून घेतलं, स्टॅम्प पॅड आणलं आणि त्यावर त्यांचा निळा अंगठा उमटला. उद्या दाखवायला तेवढा पुरे होता.

त्या गेल्यावर साहेब वही उघडी ठेवून अंगठा न्याहाळत बसले. आम्ही मेले इतकी वर्षं त्यांना खूश करायला "नाही कळलं" म्हणत आलो होतो. मला फार वाईट वाटलं.

"सावंत," त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, "कळलं म्हणाल्या ना हो त्या?"