बसका का फिरता?

आमच्या हायस्कुलाचे क्लार्क परशरामअण्णा यांना तुम्ही फोन नंबर दिलात, की ते तो कागदावर उतरून घेतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "बसका का फिरता?"

बसका म्हणजे घरातल्या कोनाड्यात बसून राहणारा लँडलाइन. फिरता म्हणजे खिशातला मोबाइल. हा प्रश्न त्यांनी दाखल्याला आलेल्या पालकांना विचारला आहे, तपासणीला आलेल्या साहेबांना विचारला आहे आणि एकदा शाळेची कौलं शाकारायला आलेल्या माणसालाही विचारला आहे. तो बिचारा छपरावर बसला होता. म्हणाला, "अण्णा, सध्या तरी बसकाच."

तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय? आकडे मोजले की कळतं. मी येळ्ळूरचा, सीमाभागातल्या खानापूर तालुक्यातल्या या शाळेत विज्ञान शिकवतो. मीही असंच म्हणालो होतो. अण्णांनी मला समोरच्या स्टुलावर बसवलं.

"सर, तुमी सायन्सचं. आयका. आमच्या इकडचा कोड शून्य-आठनं सुरू होतोय. मानसं म्होरचं शून्य लिवायला इसरत्यात. मग र्‍हातंय काय? दहा आकडे, पयला आठ. दिसायला फिरता, पन मूळचा बसका! लई फसवं जनावर."

म्हणून अण्णा प्रत्येक नंबर स्वतः लावून बघतात. त्यांची सगळी पारख कानावर. बसका उचलणारा आधी धापा टाकतो, कारण तो परड्यातून पळत आलेला असतो. त्याच्या मागं कोंबड्या असतात, नाहीतर कुणीतरी "कोन हाय गं?" म्हणून ओरडत असतं. फिरता उचलणारा धापा टाकत नाही. तो "आवाज येईना, भाईर येतो थांबा," म्हणतो आणि पुन्हा सापडत नाही.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा निपाणीच्या मुलीच्या वडिलांचा नंबर अण्णांच्या हाती लागला. मी वर्गावर असताना त्यांनी तो लावला. शाळेतून फोन म्हटल्यावर वडिलांनी साहजिकच विचारलं, "मुलगा कसा आहे?" अण्णा सवयीनं बोलून गेले, "हजेरी चांगली हाय. वर्तणूक समाधानकारक." मधल्या सुट्टीत मला म्हणाले, "बसका हाय सर. मागं भांड्यांचा आवाज आलता. घरात मानसं हायत. बिनघोर करा लगीन." मी केलं. बायको आजही मला उशीर झाला की हजेरीवरून टोमणा मारते.

पण हे खूळ अण्णांच्या डोक्यात शिरलं तो दिवस मी पाहिला आहे.

त्या वर्षी हेडबाईंनी सगळ्या पालकांना एकदम मेसेज जाईल अशी सोय करून घेतली होती. जुलैत पावसानं झोडपलं, शाळांना सुट्टी जाहीर झाली, बाईंनी मेसेज सोडला आणि आम्ही निर्धास्त झालो. सकाळी अण्णा आणि मी ऑफिस उघडायला आलो, तर व्हरांड्यात आठवीतल्या दोघी जुळ्या बहिणी उभ्या. वेण्यांतून पाणी गळत होतं. गुंजीकडच्या एका वाडीवरून ओढा ओलांडून आल्या होत्या.

"मेसेज बघितल्या न्हाय काय गं?" अण्णांनी विचारलं.

"आमच्याकडं रेंज न्हाय. घरातला फोन हाय, त्यात मेसेज येत न्हाय."

अण्णांनी रजिस्टर काढलं. दहा आकडे, पहिला आठ. अक्षर त्यांचंच. त्यांनी रजिस्टर मिटलं. स्टोव्ह पेटवून पोरींना चहा करून दिला, छत्री घेतली आणि त्यांना घेऊन निघाले. ओढ्यावरचं लाकूड तोवर वाहून गेलं होतं. लांबच्या पुलावरून वळसा घालून त्यांनी पोरींना घरी पोचवलं. दुपारी परत आले तेव्हा एकाच पायात चप्पल होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजिस्टर पहिल्या पानापासून धरलं आणि एकेक नंबर लावायला सुरुवात केली.

तेव्हापासून बसक्यांची एक वेगळी यादी त्यांच्या टेबलाच्या काचेखाली असते. सुट्टी जाहीर झाली, की संध्याकाळी अण्णा एकेका घरी फोन करतात.

यंदाच्या जुलैत मी तिथंच वह्या तपासत बसलो होतो. अण्णांचे फोन भराभर चालले होते. शेवटच्याला मात्र आवाज उतरला.

"आज्जी, उद्या शाळेला सुट्टी हाय. लाकडं आत घेतलीस न्हवं? भाईर पडू नको."

मी काचेखालची यादी पाहिली. त्या नंबरापुढच्या मुलीचं नाव माझ्या ओळखीचं होतं. दहावी होऊन तिला तीन वर्षं झाली होती.

"अण्णा, ही तर बंगळूरला नर्सिंगला गेली. नाव खोडायचं राहिलं वाटतं."

"राहिलं न्हाय," अण्णा म्हणाले. मग टेबलावरचा टाचण्यांचा डबा उगीच सरळ केला. "आज्जी एकटीच असती तिकडं. पोरगी गेली त्या वर्साला मी चुकून लावलो. म्हटली, 'बरं केलास बाबा. मी काय जात न्हवतो शाळंला. पन सांगत जा.'"

मी वह्यांत डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाऊस ओसरला. सुट्टी वाढली नाही. शाळा भरणार आहे, असा निरोप आम्ही कधीच कुणाला पाठवत नाही, कारण त्याची गरज नसते. संध्याकाळी मी राहिलेल्या वह्या घ्यायला ऑफिसात गेलो, तर अण्णा फोनवर होते. माझ्याकडं पाठ होती.

"आज्जी, उद्या शाळा भरनार हाय. व्हय, भरनार."

मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते.

"व्हय, जेवतो की... न्हाय, मीच करतो. आज पिठलं... आता तीन वर्सं झाली आज्जी, बायकू जाऊन. सवय झाली... मीठ? मीठ कवा कमी, कवा जास्त."

पलीकडून काहीतरी आलं आणि अण्णा हसले. त्यांची बायको गेली तेव्हा आम्ही सगळे घरी जाऊन आलो होतो, त्यानंतर स्वयंपाकाचं काय करता हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

अण्णांनी टेबलावरचं पेन उचललं आणि कॅलेंडरचा कोपरा पुढं ओढला. "थांब, थांब, लिवून घेतो. ताक किती घालायचं म्हटलीस?"

मी वह्या तिथंच ठेवल्या आणि दार न वाजवता बाहेर आलो.