पुस्तकात नसलेलं लोखंड

गिल्दार्दो ओकाम्पोने ठरवलं होतं ते एवढंच, की जीपच्या तळाला पडलेलं एक भोक बुजवायचं. भोक पेरूएवढं होतं. रविवारी जेवणानंतर त्याचे सासरे ओतोनिएलबाबा नेहमीप्रमाणे अंगणातल्या जीपमध्ये जाऊन बसले, काठी टेकवली, आणि काठी तळातून आरपार जमिनीत गेली. काठीमागोमाग म्हातारा जाता जाता राहिला.

जीप १९५४ सालची. डोंगरातल्या मळ्यांवरून कॉफीची पोती गावात आणायला बाबांनी ती पन्नास वर्षं चालवली. पोत्यांखेरीज तिच्यातून डुकरं गेली, शाळेची पोरं गेली, एकदा बिशप गेले आणि सहा वर्षांपूर्वी बाबांच्या बायकोची, एर्मेलिनाबाईंची, शवपेटी गेली. तेव्हापासून ती अंगणातल्या छपराखाली उभी होती. रोज संध्याकाळी डोंगरावरून धुकं उतरायचं आणि तिला थोडं थोडं खाऊन जायचं.

हे भोक इतर कुठल्या महिन्यात पडतं तर कोणी विचारलं नसतं. पण ऑक्टोबरात गावाचा स्थापनादिवस होता, आणि त्या दिवशी जीपांची मिरवणूक निघते. प्रत्येक जीपवर अख्खा संसार रचायचा. पलंग, गाद्या, चूल, शिवणयंत्र, केळीचे घड, कोंबड्यांचं खुराडं आणि सगळ्यांच्या वर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. अट एकच, सामान घरचं पाहिजे. शेजाऱ्याचा पाट जरी आढळला तरी जीप बाद. यंदा समितीने आणखी एक अट घातली होती. जीपचा तळ तपासला जाईल.

बाबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना जिनासुद्धा मना केला होता. त्यांनी मुलीला, नोएमीला, शांतपणे सांगून ठेवलं होतं, "एकदा तुझ्या आईचा संसार चौकातून फिरवून आणतो. मग तुम्ही काय करायचं ते करा. माझं आणि जीपचं."

"आन्सिसारला बोलवू," नोएमी म्हणाली. आन्सिसार म्हणजे शेजारचा वेल्डिंगवाला. "दोन दिवसांत करून देईल."

"वेल्डिंगवाला दिसेल ते जोडतो," गिल्दार्दो म्हणाला. "आधी गंजाचं मूळ शोधायला हवं."

"ते कोण शोधणार?"

"मी. मी वाचलंय त्याबद्दल."

'मी वाचलंय' या दोन शब्दांनी एकेचाळीस वर्षांत घरात काय काय घडलं ते नोएमीला पाठ होतं. (न्हाणीघरातला नळ अजून उलटा फिरतो.)

खरी गोष्ट गिल्दार्दोने सांगितली नाही. तो नोटरीच्या कचेरीत तेहतीस वर्षं कारकून होता. लोकांच्या मालमत्तेच्या याद्या करायच्या, तपासायच्या, शिक्का मारायचा. टेबलामागे बसणाऱ्या कोणालाही 'डॉक्टर' म्हणायची त्या गावाची पद्धत असल्यामुळे सगळा गाव त्याला डॉक्टर म्हणे. फक्त सासरा म्हणत नसे. सासऱ्याने त्याला जावई म्हटलं नाही, नावानेही कधी हाक मारली नाही. लग्नाच्या दिवशी "हा कारकून कोण?" असं विचारलं होतं, तेव्हापासून तो कारकूनच राहिला. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला मत बदलायला फार वेळ उरलेला नसतो, हे गिल्दार्दोला कळत होतं.

त्याने जिल्ह्याच्या ग्रंथालयातून जीपच्या दुरुस्तीचं जुनं पुस्तक आणलं, त्याच्या प्रती काढून बांधून घेतल्या, वर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. त्यात प्रत्येक भागाचं चित्र होतं आणि प्रत्येक भागाला नंबर होता. एकूण चारशे बारा. असं नीटनेटकं काही त्याने निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं.

चांगलं लोखंड लागेपर्यंत खरवडत जावे, असं पुस्तकात लिहिलं होतं. चांगलं लोखंड कुठे सुरू होतं ते लिहिलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी पेरूची पपई झाली. दुसऱ्या दिवशी पपईतून गिल्दार्दोचं डोकं जाऊ लागलं. तिसऱ्या दिवशी चालकाच्या जागेवर बसून त्याने खाली पाहिलं तर जीपखाली बसलेली कोंबडी दिसली. कोंबडीनेही वर पाहिलं. दोघांनाही काही सुचलं नाही.

म्हाताऱ्याने पन्नास वर्षं ठिगळावर ठिगळ मारलं होतं. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली डांबर, डांबराखाली डालड्यासारख्या कुठल्याशा डब्याचा पत्रा, त्याखाली पुन्हा डांबर. सीटखालचं एक ठिगळ खरवडलं तेव्हा निळा रंग निघाला आणि त्यावर अर्धं गुलाबाचं फूल. नोएमी हात पुसत आली आणि वाकली.

"हा आईचा बिस्किटांचा डबा," ती म्हणाली. "हरवला म्हणून मी मार खाल्ला होता. सात वर्षांची होते."

"बाबांनी घेतला असेल."

"बाबांनीच मारलं होतं."

तिने ते ठिगळ धुतलं आणि स्वयंपाकघरात फळीवर ठेवलं. नवीन पत्रा कुठून आणलात, असं मात्र तिने विचारलं नाही. ते तिला शनिवारी पाव भाजायला घेतले तेव्हा समजलं.

"अहो, ओव्हनचा मोठा ट्रे कुठाय?"

गिल्दार्दोने पुस्तकाचं पान उलटलं. ट्रे क्लचच्या पेडलखाली रिव्हेट मारून बसवलेला होता. पाण्याच्या टाकीचं जुनं झाकण शेजारच्या सीटखाली होतं. (वस्तू नाहीशा करून ठिगळं मारण्याची त्या घरातली परंपरा त्याने चालू ठेवली होती, एवढंच.) पण काम वाईट नव्हतं, हे सांगायला हवं. रिव्हेट एका ओळीत होते. रेड ऑक्साईडचे दोन हात दिले, त्यावर हिरवा रंग. बोटं सोलली, नखं काळी पडली, तरी त्याने कोणाला हाक मारली नाही.

तिथेच थांबला असता तर ही गोष्ट सांगायची गरज पडली नसती. पण गंजाचं मूळ शोधायचं होतं. शोधता शोधता तो पुढच्या बंपरपाशी पोचला. बंपरच्या मागे, दोन लांब बोल्टांनी आवळलेला, डुकराच्या पिल्लाएवढा लोखंडाचा एक तुकडा होता. गंजून त्याचे पापुद्रे सुटले होते. गिल्दार्दोने पुस्तक उघडलं. पुन्हा उघडलं. चारशे बारा भागांत तो तुकडा कुठेच नव्हता.

आन्सिसार कुंपणावर कोपरं टेकून बघत होता. "डॉक्टर, त्याला हात लावू नका."

"कशासाठी आहे तो?"

"ते मला नाही माहीत. म्हाताऱ्याला विचारा."

"गंजलेल्या लोखंडाबद्दल काय विचारायचं? पुस्तकात त्याचा नंबर नाही."

"पुस्तकात नसेल. पण म्हाताऱ्यानं उगीच काही बसवलेलं मी पाहिलेलं नाही."

ज्या वस्तूची नोंद नाही ती वस्तू नाही, या तत्त्वावर गिल्दार्दोची तेहतीस वर्षं गेली होती. बाबा दुपारचे झोपले होते. बोल्ट काढायला चार तास लागले आणि तुकडा निघाला तो थेट त्याच्या पायाच्या अंगठ्यावर. संध्याकाळी भंगारवाल्याने आणि त्याच्या भावाने मिळून तो गाडीत घातला. रिकाम्या जागेवर गिल्दार्दोने लंगडत लंगडत रंग दिला. जीपचं तोंड आता पुस्तकातल्या चित्रासारखं दिसत होतं.

समितीच्या अध्यक्ष रुबिएलाबाई औषधांचं दुकान चालवत. त्या स्क्रूड्रायव्हर घेऊन आल्या आणि तळाला अकरा ठिकाणी भोसकून पाहिलं. कुठेच गेला नाही.

"कोणी केलंय हे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या कारकुनानं," बाबा म्हणाले. त्यांनी काठीने तळ वाजवला, मान तिरपी करून ऐकलं, पुन्हा वाजवला. "आवाज बरा आहे."

गिल्दार्दो स्वयंपाकघरात गेला आणि दोन पेले पाणी प्याला. अंगठ्याचं नख त्याच दिवशी गळून पडलं. ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

मिरवणुकीच्या सकाळी बाबांनी सामान स्वतः उभं राहून रचून घेतलं. काठीवर त्यांनी तरुणपणी कोरलेल्या मापाच्या खुणा होत्या. पलंगाचे पाय मागे इथपर्यंत, चूल इथे, केळीचे घड इतके बाहेर. रचून झाल्यावर जीपचं तोंड जरा उचलल्यासारखं वाटलं. बाबा डोळ्यांना दोष देऊन आत बसले.

आता हे जाणून घ्यायला हवं, की त्या भागातले तरुण चालक मागे भरपूर ओझं लादतात आणि चौकात जीप घोड्यासारखी मागच्या दोन चाकांवर उभी करून गोल फिरवतात. एके काळी यात बाबांचा हात धरणारा कोणी नव्हता. म्हणून नोएमीने तसबिरीवर हात ठेवून त्यांच्याकडून शब्द घेतला होता. चालण्याच्या वेगाने जायचं, सरळ जायचं, चारही चाकं जमिनीवर.

चर्चकडे जाणारा चढ लागला आणि जीपची पुढची चाकं वीतभर वर आली. खाली आदळली. पुन्हा वर आली.

"बाबा, शब्द दिला होतात," बाजूने चालणारी नोएमी म्हणाली.

"मी काही करत नाहीये. ही आपली आपण उठतेय."

बाबा स्टिअरिंग फिरवत होते आणि जीपला त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी ब्रेक धरला. दुसऱ्या बाजूला गिल्दार्दो होता. त्याच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कारकून, पुढचा तुकडा कुठाय?"

"कुठला तुकडा?"

"बंपरमागचा. जुन्या पुलाच्या तुळईचा. मागच्या ओझ्याला तोलून धरणारा."

"तो गंजला होता, बाबा."

"एकाहत्तर सालापासून गंजलेलाच आहे तो. गंजलेल्यालाही वजन असतं."

गिल्दार्दो ओरडा खायला तयार होता. पण म्हातारा ओरडला नाही. चौक दोनशे पावलांवर होता. बाबा चौकाकडे बघत होते आणि त्यांचा एक हात छातीवर होता. मागे सोळा जीपा खोळंबल्या होत्या. "पलंग उतरवा," ते हळूच म्हणाले. "परत जाऊ."

पलंग एर्मेलिनाबाईंचा होता. तो उतरवून चौकात जाण्यात काही अर्थ नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं.

काय करावं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. गिल्दार्दोने दुखरा पाय बंपरवर ठेवला, बॉनेटवर चढला आणि पालथा पडून दोन्ही हातांनी दिव्यांना मिठी मारली. वय अडुसष्ट, वजन ब्याऐंशी किलो. पुढची चाकं जमिनीला टेकली आणि टेकलेली राहिली.

"अजून जरा पुढं सरक," बाबा म्हणाले.

तो सरकला. बॉनेट तव्यासारखं तापलं होतं.

"अजून. हां. आता हलू नकोस."

जीप चढली. दोन्ही बाजूंना अख्खा गाव उभा होता आणि आन्सिसार अगदी पुढे होता. "डॉक्टर," त्याने अदबीने विचारलं, "पुस्तकात तुमचा कितवा नंबर?"

चौकाच्या तोंडाशी रुबिएलाबाई वही घेऊन आडव्या आल्या. "बाबा, चालकाशिवाय जीपवर माणूस चालत नाही. नियम आहे. त्यांना उतरवा."

"माणूस नाही तो," बाबा म्हणाले. "सामान आहे."

"सामान घरचंच लागतं."

इंजिन नुसतंच धडधडत होतं. बाबांनी काचेतून समोर पाहिलं. तिथून त्यांना जावयाचे बूट, ढगळ विजार आणि टक्कल एवढंच दिसत असणार.

"घरचंच आहे," ते म्हणाले. "एकेचाळीस वर्षं झाली."

रुबिएलाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि बाजूला झाल्या.

चौकात, चर्चसमोरच्या एका सज्ज्याखाली बाबांनी जीप थांबवली. त्या सज्ज्यात एर्मेलिनाबाई दर वर्षी रुमाल घेऊन उभ्या राहत. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मागच्या जीपांनी भोंगे वाजवले नाहीत. गिल्दार्दोलाही आदराने काहीतरी करायचं होतं, पण हात सोडला असता तर पलंग, चूल आणि म्हातारा आकाशाकडे गेले असते. म्हणून त्याने फक्त डोळे मिटले. त्याच्या पोटावर बॉनेटच्या बिजागरीचा डाग पडला, तो अजून आहे.

त्यांच्या जीपला तिसरा क्रमांक मिळाला. बाबा जानेवारीत झोपेतच गेले. गंजाबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत, आणि मरेपर्यंत गिल्दार्दोला कारकूनच म्हणत राहिले.

समितीचं प्रमाणपत्र मात्र स्वयंपाकघरात निळ्या ठिगळाशेजारी टांगलेलं आहे. त्यावर जीपवरच्या सामानाची यादी आहे. ती बाबांनी स्वतः सांगितली आणि रुबिएलाबाईंनी जशीच्या तशी उतरवून घेतली. पलंग एक, गाद्या दोन, चूल एक, शिवणयंत्र एक, केळीचे घड सहा, तसबीर एक, कोंबड्या दोन, जावई एक (जुना).

गिल्दार्दोने ती यादी कचेरीतल्या सवयीने तीनदा तपासली. चूक सापडली नाही. जावई कोंबड्यांच्या आधी यायला हवा होता, एवढंच त्याला वाटतं. पण यादी वजनाच्या क्रमाने नाही, उपयोगाच्या क्रमाने आहे, असं नोएमी म्हणते.