साहेबांच्या पिंजऱ्यातला लाल कागद

पोपटाच्या पिंजऱ्याखालचा कागद लालभडक दिसला, तेव्हा लेक चहा टाकून पिंजऱ्याकडे धावली आणि बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. लेकीला वाटलं, पोपटाच्या पोटात रक्तस्राव होतोय. बाबांना मात्र पक्कं ठाऊक होतं की ते रक्त नाही, बीट आहे. त्यांनीच भरवलं होतं.

बाबा बसचे निवृत्त कंडक्टर. नोकरीत त्यांनी भल्याभल्यांना भर रस्त्यात गाडीतून उतरवलं होतं. पण लेक आहारतज्ज्ञ झाली, त्यांच्या अंगात रक्त कमी असल्याचा रिपोर्ट तिच्या हाती लागला, आणि घरात उकडलेल्या भाज्यांचा अंमल सुरू झाला. बाबांनी आधी उघड बंड केलं. आपली जीभ अजून मेलेली नाही, असं सुनावलं. लेक त्यांच्या ताटाशी ठाण मांडून बसली. मग बंड भूमिगत झालं. तिची पाठ वळली की बिटाची फोड पिंजऱ्यात. पोपटाचं नाव साहेब, कारण तो दिवसभर बसून नुसता ओरडायचा. साहेबांना बीट भलतंच मानवलं.

ऊन बाधलं असेल, असं बाबांनी सुचवून पाहिलं. लेकीने ते आणखी एक लक्षण धरलं. रात्री साहेब गप्प होते, असं आईने सांगितलं, तेव्हा तर तिने गाडीची किल्लीच उचलली. खरं म्हणजे रात्री साहेब झोपलेले होते.

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी कागद पाहिला, भुवया चढवल्या, एक इंजेक्शन देऊन दोन दिवस ठेवून घेऊ म्हणाले. सुई दिसताच साहेबांनी असा टाहो फोडला की बाबांना राहवेना. ते ताडकन उठले.

"त्याला टोचायचं नाही. बीट मी घातलंय, रोज घालतोय. मला ते मातीसारखं लागतं. मी खाल्लं नाही आणि खाणारही नाही. काय करायचं ते माझं करा."

लेकीचा चेहरा बिटाच्या रंगावर गेला. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. बिटाने असं होतंच, ते बंद केलं की रंग जाईल, असं सांगत त्यांनी कागद उजेडात धरला.

"लालचं कळलं. पण हे केशरी?"

आईने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"गाजर," ती म्हणाली. "उकडलेलं गाजर मला गिळवत नाही. झालं समाधान?"

डॉक्टरांनी बोट पुढे सरकवलं. एवढा गर्द हिरवा रंग म्हणजे पालक, आणि तोही भरपूर. बाबांनी आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे. दोघांनीही नकारार्थी मान हलवली आणि मग दोघंही लेकीकडे वळले. ती भिंतीवरची मांजरांच्या दातांची माहिती मन लावून वाचत होती.

"दिवसभर लोकांना पालक सांगायचा आणि घरी येऊन तोच गिळायचा?" भिंतीवरची नजर न काढता ती म्हणाली. "मी माणूस आहे."

साहेबांची तब्येत उत्तम निघाली. इतका सकस आहार घेणारा पक्षी आपल्याकडे क्वचितच येतो, असं डॉक्टर म्हणाले.

परतताना लेक गाडी चालवत होती, मागे आई आणि मांडीवर पिंजरा घेतलेले बाबा बसले होते. कोपऱ्यावरच्या दुकानात बटाट्याचे काप तळत होते. लेकीने गाडी थांबवली आणि मागे न बघताच किती घ्यायचे ते विचारलं. आईने तीन पाकिटं सांगितली.

"चार," पिंजऱ्याकडे बघत बाबा म्हणाले. "आणि मीठ जरा सढळ हाताने घालायला सांग."