वेशीच्या दोन कवाडांची हकीकत

श्रीगजवदनास नमन करून आणि ग्रामदैवताचा भंडारा कपाळीं लावून घडलें तैसें निवेदितों. शके सोळाशें ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सर, माघ मास. ते समयीं एका डोंगरी राज्यीं, ज्याचें नांव सांगणें नलगे, बाईसाहेब राज्य करीत होत्या. नगराची वेस पश्चिमाभिमुख, आणि तिचा सागवानी दरवाजा म्हाळोजी सुतारानें आपले हातें घडविला होता. म्हाळोजी वारला आणि दरवाजाची चाकरी पुत्रांकडे आली. उजवें कवाड थोरल्या रतनोजीकडे, डावें धाकट्या चांगोजीकडे. परंतु बापाच्या दहनावरून बंधूंत वितुष्ट पडलें. चांगोजी परमुलखीं कामास गेला होता, नदीस पूर आला होता, आणि रतनोजीनें त्याजवांचून अग्नि दिला. चांगोजी परतला आणि म्हणाला, 'मला बापाचें मुख पाहूं दिलें नाहींस.' तेथून बोलणें खुंटलें. दरवाजास तेल द्यावें तर दोहों कवाडांस एकदम द्यावें लागे, आणि आधीं विषय कोणी काढावा? मग कोणीच काढीना. ऊन आणि पाऊस मात्र कोणासाठीं थांबले नाहींत. लांकूड राखेचे रंगाचें झालें, जुनी राळ पापुद्रे धरून सुटली आणि चिरा पडल्या.

मग बाईसाहेबांची कन्या प्रथम माहेरपणास येणार ऐसें वर्तमान आलें. बाईसाहेब स्वतः वेशीस आल्या, कवाडावरून हात फिरविला तों बोटांत लांकडाची कूस मोडली. बहुत कष्टी होऊन बोलिल्या, 'लेक येण्याआधीं दरवाजा उजळावा. न उजळे तर कवाडें उतरवून जळणांत घालावीं आणि दुसरा सुतार आणवावा.' हें रतनोजीनें ऐकिलें, चांगोजीनेंही ऐकिलें. बापाचे हातचें तेवढेंच उरलें होतें.

मग दोघे पाठीस पाठ करून कामास लागले, आणि राखेचें खारें पाणी चोळून जुनी राळ मऊ केली, आणि ती खरवडून काढली, आणि कवाडें धुऊन, वाळवून, वाळूनें घासून घेतलीं. मग जवसाचे तेलांत राळ घालून तापविली. पण भांडीं निराळीं आणि चुलीही निराळ्या. बाईसाहेब पाहावयास आल्या तों उजवें कवाड काळेंभोर आणि डावें हळदीसारखें पिंवळें.

'रतनोजी, हा दरवाजा एक कीं दोन?'

बाईसाहेबांनीं दोहों कवाडांकडे बोट केलें.

'लेकीस पोंचवावयास व्याही वेशींतून येतील. आमचें घर दुभंगलें ऐसें त्यांस वाटावें काय? पुन्हां करा.'

पुन्हां खरवडणें आलें. रतनोजीनें चोरून पाहिलें तों चांगोजी पात्यावर आंगठा आडवा दाबून खरवडीत होता, हुबेहूब बाप खरवडीत असे तैसा. तें पाहून त्याचा हात थबकला. अभिमान गिळणें जड, तरी गिळला आणि बोलला, 'चांगू, तेल किती तापवितोस?'

चांगोजीनें वळून पाहिलें नाहीं. म्हणाला, 'बाबा तापवीत तितकें. फेंस जिरला कीं उतरवायचें. तूं करपवितोस.'

'असेल.' मग रतनोजी म्हणाला, 'त्या दिवशीं मी वाट पाहिली रे. पूर ओसरेना, आणि प्रेत राहीना.'

'ठाऊक आहे. मी पैलतीरीं उभा होतों. नावाडी नाव घालीना. धूर दिसला, तेव्हां समजलों.'

रतनोजी वळून त्याजपाशीं आला. 'मला हांक कां नाहीं मारलीस?'

'मारली, दादा. घसा फुटेतों मारली. पाण्यापुढें ऐकूं कोणास येणार?'

मग रतनोजीनें धाकट्यास पोटाशीं धरिलें, आणि दोघे भर वेशींत लेंकरांसारखे रडले, आणि येणारेजाणारे लोक मान फिरवून निघून गेले. उपरांत एकच चूल मांडिली, एकच भांडें चढविलें, आणि फेंस जिरतांच चांगोजीनें तें उतरविलें.

कन्या आली. दरवाजा मधासारखा झळकत होता आणि दोहों कवाडांचा रंग एक. बाईसाहेबांनीं बंधूंस पागोटीं दिधलीं. रतनोजीनें चांगोजीस जेवावयास नेलें. पानावर बसतांच चांगोजी म्हणाला, 'बाबांचें मुख शेवटीं कैसें होतें तें सांग.' मग रतनोजी सांगत राहिला, आणि वाढलेलें अन्न निवून गेलें, तरी कोणीं घाई केली नाहीं.

एवंच. लांकडाचा रंग पुढेंही विटला, विटावयाचाच. बंधूंपैकीं ज्याचे आधीं दृष्टीस पडे तो दुसऱ्याचे घरीं जाऊन सांगे. हकीकत इतकीच.