आईसाहेबांस दाही दिशा दाखविल्या त्याची हकीकत

श्री दशदिशा समर्थ. शके १९४५, शोभननाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. बाळांनो, क्षणभर डोळे मिटावे आणि मनी आणावे, की आपण उंच डोंगरमाथ्यावर उभे आहो आणि पुढे, मागे, खाली मुलूखच मुलूख आहे. त्या मुलखाच्या वृद्ध आईसाहेबांची दृष्टी मावळत चालली होती आणि वैद्य म्हणाले, फाल्गुनापुढे भरवसा नाही. आईसाहेबांची इच्छा एकच, की आपल्या डोंगरावरून चहूंकडे एकवार पाहावे. परंतु चढण होईना. मग राजे यांनी निंबाजी चित्रनीस यांस आज्ञा केली, की माथ्यावरून सर्व दिशांचे एक गोल चित्र आणावे.

निंबाजींनी माथ्यावर तिवई रोवून कॅमेरा बसविला आणि अर्ज केला, की हा सगळीकडे पाहतो, सबब सर्वांनी दडावे. आणि दरबारचा रिवाज ऐसा, की राजांच्या वस्तूस पाठ दाखवू नये. मग सरदार मुजरे करीत मागे मागे सरले, आणि कॅमेऱ्यास मागची बाजूच नाही म्हणून कोठे थांबावे हे कोणास उमजेना, आणि भोवती रिंगण करून उभे राहिले. चित्र जाहले. नात गोजराबाई, वय वर्षे आठ, यांनी चित्र पाहावयाचा चष्मा आजीच्या डोळ्यांवर बांधिला आणि आईसाहेबांनी मान फिरविली, तों जिकडेतिकडे पगड्या.

"निंबाजी, हे सगळे माझ्याकडे का बघताहेत? आणि डोंगर कुठे ठेवलात?"

मग ड्रोन उडविला. त्याने मुलूख उत्तम टिपिला, परंतु त्यास आपल्या डोक्यावरचे दिसत नाही, म्हणून आभाळास काळे भोक राहिले. जोशीबुवांनी अपशकुन म्हणून ग्रहशांत करा म्हटले, सेनापतींनी भोकावर पहारा बसवा म्हटले, आणि राजे बहुत गोंधळले. निंबाजी म्हणाले, पगड्यांच्या चित्रातील आभाळ चांगले आहे, ते वर जोडितो. आणि जोडिले.

आईसाहेब पुन्हा पाहू लागल्या. नदी दिसली, खिंड दिसली, मुख उजळले. मग खाली पाहिले, तों नुसती दरी आणि आपण कोठेच नाही.

"गोजरा, माझे पाय कुठे गेले गं? सोड हे, मला नाही बघायचं."

राजे म्हणाले, पाय जोडा. निंबाजी म्हणाले, ड्रोनास पाय नसतात. सारांश, दाही दिशा चित्रात आल्या, पाहणाराच बाहेर राहिला.

मग गोजराबाई म्हणाल्या, "आजी, पाय मी धरून ठेवते, तुम्ही डोंगर बघा," आणि जमिनीवर बसून त्यांनी दोन्ही पावले पोटाशी घट्ट धरिली.